विश्लेषण : कान्हेरीच्या जंगलातील दगडांवर काय लिहिले आहे? ते उलगडणारे पंडित भगवानलाल इंद्रजी कोण होते?

पालेगावहून अंबरनाथचे शिवमंदिर काही किलोमीटरवर आहे. महाशिवरात्रीला तिथे लाखोंची गर्दी लोटते. मंदिर इ.स. 1060 मधले, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण दीडशे वर्षांपूर्वी या मंदिराचे वय तब्बल 200 वर्षांनी जास्त समजले जात होते. ही चूक ज्यांनी दुरुस्त केली, त्यांनीच बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांचे लेख, नालासोपाऱ्याचा स्तूप आणि नाणेघाटातील आकडे यांचा अर्थ लावण्यात मोठा वाटा उचलला. त्यांच्याकडे ना इंग्रजी शिक्षण होते, ना कुठली पदवी. त्यांचे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी. प्राचीन भारताच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव नवे नाही. मात्र कान्हेरीला जाणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसते.

कान्हेरी आणि राष्ट्रीय उद्यान यांचा संबंध काय?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरवर पसरले आहे. एका बाजूला बोरिवली, गोरेगाव आणि दुसऱ्या बाजूला मुलुंड, ठाणे, अशा दाट वस्तीच्या मधोमध हे जंगल आहे. त्यात बिबटे आहेत, विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. वारली आदिवासींचे पाडे आहेत आणि वाघोबाची ठाणीही आहेत. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या नद्या याच डोंगरांतून निघतात.

या जंगलाच्या मधल्या टेकडीवर शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून जवळपास हजार वर्षे इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. जुन्या लेखांमध्ये या टेकडीला कण्हसेल म्हटले आहे आणि पुढे शिलाहारांच्या काळात कृष्णगिरी. म्हणजे काळा डोंगर. कान्हेरी हे नाव त्यातूनच आले. स्वातंत्र्यापूर्वी इथे लहानशा क्षेत्रावर जे उद्यान होते, त्याचे नावही कृष्णगिरीच होते.

भिक्खूंनी डोंगर निवडला तो एकांतासाठी, पण टिकले ते पाण्यामुळे. जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे. पावसाचे पाणी वाहून टाक्यात यावे म्हणून कातळावर पन्हळी खोदल्या आहेत. लेखांमध्ये या टाक्यांना ‘पोढी’ असा शब्द येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पाणी कमी पडू लागले, तेव्हा इंग्रजांनीही पावसाचे पाणी अडवण्यासाठी हेच डोंगर निवडले. विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये पूर्ण झाला. तलावांचे पाणलोट क्षेत्र म्हणून भोवतालचे रान राखले गेले आणि आजचे राष्ट्रीय उद्यान शिल्लक राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

लेणी, टाकी आणि जंगल डोळ्यांना दिसते. पण ही टाकी कुणी खोदवली, पैसा कुठून आला, इथे कोण येत होते, हे सांगतात ते भिंतींवरचे लेख. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वाचू शकणारा माणूस जगात एकही नव्हता. ब्राह्मी लिपी विसरली गेली होती.

जुनागढचा मुलगा ब्राह्मी कसा शिकला?

भगवानलाल यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1839 रोजी सौराष्ट्रातील जुनागढचा. कुटुंब प्रश्नोरा नागर ब्राह्मणांचे. घरी संस्कृतची परंपरा होती, त्यामुळे शिक्षणही जुन्या पद्धतीने झाले. इंग्रजी शाळेचा संबंध आला नाही.

पण जुनागढमध्ये एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुठल्या गावात नव्हती. गिरनारच्या वाटेवर एक भला मोठा खडक आहे. त्यावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख आहेत. सम्राट अशोकाच्या आज्ञा, क्षत्रप राजा रुद्रदामन याचा इ.स. 150 च्या सुमाराचा संस्कृत लेख आणि गुप्त राजा स्कंदगुप्ताचा लेख. सुमारे सातशे वर्षांची लिपी एकाच दगडावर. ब्राह्मीचे ‘क’ किंवा ‘म’ कसे बदलत गेले, हे पाहायला यापेक्षा चांगला फळा मिळणार नाही.

कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 च्या सुमारास ब्राह्मीचा उलगडा केला होता. त्यांचा अक्षरांचा तक्ता छापून प्रसिद्ध झाला होता आणि तो तरुण भगवानलाल यांच्या हाती लागला. तक्ता घ्यायचा, खडकाकडे जायचे, अक्षर ताडून पाहायचे. असे करत ते स्वतःच लिपी शिकले. छापील नकलेत आणि दगडावरच्या अक्षरात फरक आहे, हेही त्यांच्या लक्षात येऊ लागले. पुढे आयुष्यभर त्यांनी हीच सवय ठेवली. दुसऱ्याच्या नकलेवर विसंबायचे नाही, दगडापाशी जायचे.

काठेवाडात तेव्हा अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स हे इंग्रज अधिकारी होते. गुजरातच्या इतिहासावरील ‘रासमाला’ या ग्रंथाचे ते लेखक. त्यांच्या कानावर या मुलाचे नाव गेले. त्याच सुमारास मुंबईत एका डॉक्टरांना रुद्रदामनच्या लेखाची चांगली नक्कल हवी होती. फोर्ब्स यांनी भगवानलाल यांचे नाव सुचवले.

भाऊ दाजी लाड यांच्याकडे 12 वर्षे

ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज ज्यांचे नाव आहे तेच. गोव्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर, मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात कालिदासाचा काळ, आर्यभटाचे वय, अजिंठ्याचे लेख यांवर निबंध लिहायचे. त्यांना देशभर फिरून लेखांच्या नकला आणणारा विश्वासू माणूस हवा होता. भगवानलाल वयाच्या विशीत मुंबईला आले आणि 1874 पर्यंत भाऊ दाजींसोबत राहिले.

या काळात ते किती फिरले याचा अंदाज त्यांच्या मार्गावरून येतो. अजिंठा, नाशिक, कार्ले, जुन्नर, राजस्थान, मथुरा, काशी, ओडिशा, नेपाळ. रेल्वे होती तिथपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी, घोडा किंवा पायी. मथुरेला 1869 मध्ये त्यांना एका शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायरीत बसवलेले सिंहांचे शिल्प दिसले. त्यावर खरोष्ठी लिपीत लेख होता. शक क्षत्रपांच्या इतिहासाचे एक अत्यंत महत्त्वाचे साधन त्या पायरीवर पडून होते.

या 12 वर्षांतील कामाचा मोठा भाग भाऊ दाजींच्या नावाने प्रसिद्ध झाला. तेव्हाची रीतच तशी होती. खर्च भाऊ दाजींचा, निबंध इंग्रजीत, व्याख्यान रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत. भगवानलाल यांना इंग्रजीत लिहिता येत नव्हते. त्यामुळे डोळे त्यांचे आणि नाव दुसऱ्याचे, असे बरेच झाले. यात भाऊ दाजींना सरसकट दोष देणे योग्य होणार नाही. त्यांनी या तरुणाला जे दिले ते तेव्हाच्या कुठल्याही विद्यापीठाला देता आले नसते. तरीही आज जुने निबंध चाळताना कुठले वाचन कुणाचे, हे वेगळे काढणे अवघड जाते हे खरे.

शेअर बाजाराच्या 1865 च्या पडझडीत भाऊ दाजींची संपत्ती गेली, पुढे प्रकृतीही ढासळली. मे 1874 मध्ये त्यांचे निधन झाले. भगवानलाल तेव्हा नेपाळकडच्या लांबच्या प्रवासात होते. वयाच्या 34 व्या वर्षी त्यांचा आश्रयदाता गेला आणि हाताशी उरल्या त्या वह्या, नकला आणि नाणी.

अंबरनाथच्या तारखेचा घोळ काय होता?

मुंबईत परतल्यावर भगवानलाल वाळकेश्वरला राहून स्वतःच्या नावाने लिहू लागले. ते गुजरातीत लिहीत आणि जर्मन विद्वान गेऑर्ग ब्यूलर यांच्यासारखे मित्र त्याचे इंग्रजी करण्यास मदत करीत. सुरुवातीच्या कामांपैकी एक होते जुन्या वाचनांची फेरतपासणी. त्यात अंबरनाथचा लेख होता.

हा लेख मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर कोरलेला आहे. भाऊ दाजींनी तो आधी प्रसिद्ध केला होता आणि त्यातील साल शके 782, म्हणजे इ.स. 860 असे वाचले होते. भगवानलाल यांनी नवी नक्कल घेऊन ते शके 982 असल्याचे दाखवले. फरक फक्त शतकाच्या जागच्या एका अंकाचा. पण त्या एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी पुढे सरकले आणि शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात येऊन नीट बसले. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याने बांधकाम सुरू केले आणि मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झाले, असे आता मानले जाते.

साल चुकले असते तर काय बिघडले असते? बरेच काही. कोरीव कामाच्या शैलीवरून बाकीच्या मंदिरांचा काळ ठरवला जातो. अंबरनाथ हे उत्तर कोकणातील तारीख ठाऊक असलेले भूमिज शैलीतील महत्त्वाचे मंदिर. मोजपट्टीवरची पहिली खूणच चुकीची असेल, तर त्या पट्टीने केलेली सगळी मापे चुकतात. मुख्य म्हणजे ही दुरुस्ती करताना भगवानलाल यांना ज्यांनी आपल्याला उभे केले त्या गुरुतुल्य माणसाचेच वाचन चुकीचे ठरवावे लागले, आणि तेही त्यांच्या निधनानंतर थोड्याच काळात.

नाणेघाटातील आकड्यांचे कोडे

अंबरनाथच्या लेखातील अंक दशमान पद्धतीचे होते. त्याआधीच्या काळात आकडे वाचणे याहून कठीण होते. मुरबाडमार्गे जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांमध्ये दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाण्यांची ती लांबलचक यादी. प्रत्येक दानापुढे आकडा, पण तो वाचायचा कसा?

ब्राह्मी आकड्यांत शून्य नाही आणि स्थानाची किंमतही नाही. 10, 20, 30 यांना स्वतंत्र चिन्हे. शंभराचे एक चिन्ह, त्याला एक रेघ जोडली की दोनशे, दोन रेघा जोडल्या की तीनशे. शंभराला चाराचे चिन्ह चिकटवले की चारशे. हजाराचेही तसेच. म्हणजे चोवीस हजार चारशे लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी. दशमान पद्धतीची सवय असलेल्या डोळ्यांना ती तीन अक्षरे वाटतात. नाणेघाटातील अंक आणि जुन्या नागरी अंकांची पद्धत यांवर भगवानलाल यांनी 1876-77 च्या सुमारास लिहिलेले निबंध हा त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला. अंकांची ही चिन्हे मुळात अक्षरांपासून आली असे त्यांनी मांडले. त्यावर पुढे वाद झाले, पण बहुतेक चिन्हांच्या किमती आता पक्क्या आहेत.

कान्हेरीच्या लेखांत काय सापडले?

कान्हेरीकडे त्यांच्या आधीही अभ्यासक आले होते. जेम्स बर्ड यांनी 1839 मध्ये चैत्यगृहासमोरचा स्तूप उकरला होता. जॉन स्टीव्हन्सन यांनी लेखांची भाषांतरे करून पाहिली होती. रेल्वेतील अभियंते ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी 1860 च्या सुमारास लेखांच्या नकला काढल्या होत्या. पण नकला उपलब्ध असणे आणि लेख समजणे यांत अंतर होते. कान्हेरीचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा आणि गोट्यांचा मिळून झालेला, खडबडीत आहे. त्याचे पापुद्रे निघतात. पावसाळ्यात शेवाळ चढते, उन्हाळ्यात ते वाळून अक्षरांत अडकते. खड्डा कुठला आणि अनुस्वार कुठला, हे दुरून कळत नाही.

लेखाचा ठसा घेण्याची रीत साधी, पण वेळखाऊ आहे. आधी दगड धुऊन काढायचा. ओला कागद त्यावर पसरायचा आणि ब्रशने हलकेच ठोकत राहायचे, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. वाळला की उलटी-सुलटी अक्षरे कागदावर उठलेली मिळतात. मग दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कोनांतून पडणाऱ्या उजेडात दगड पुन्हा पाहायचा. कान्हेरीत असे शंभराच्या आसपास लेख आहेत.

मुंबई सरकारने तेव्हा जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटिअर तयार करायला घेतले होते. संपादक होते जेम्स कॅम्पबेल. ठाणे जिल्ह्याच्या स्थळांची माहिती देणारा खंड 1882 मध्ये आला. त्यात कान्हेरी, सोपारा, अंबरनाथ अशा स्थळांच्या वर्णनाला भगवानलाल यांच्या संशोधनाचा मोठा आधार आहे. पुढच्याच वर्षी कान्हेरीच्या लेखांचे ब्यूलर यांचे वाचनही छापून आले. त्याआधी 1881 मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता, आणि त्यावर जेम्स बर्जेस यांच्याबरोबर भगवानलाल यांचेही नाव होते.

या सगळ्या वाचनांतून जे समोर आले, ते राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा वेगळे होते. कान्हेरीचे दाते बहुतेक साधी माणसे आहेत. कल्याणचा सामिदत नावाचा सोनार पाण्याचे टाके देतो. कल्याणचाच नड नावाचा लोहार वाट बांधून देतो. सोपारा, चौल, नाशिक इथले व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत, घरच्यांच्या नावाने दान करणाऱ्या बायका आहेत. मोठे चैत्यगृह गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी कोरवले आणि तेव्हा सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याची सत्ता होती.

दान म्हणजे नुसती लेणी नव्हेत. ‘अक्षयनीवी’ नावाची पद्धत होती. मूळ रक्कम किंवा शेत कायम ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंना वस्त्रे, पादत्राणे यांचा खर्च द्यायचा. आजच्या भाषेत मुदत ठेव. अशाच एका दानातील शेत ‘मंगलठाण’ गावात होते. ते गाव म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे. मेट्रो स्थानकाच्या पाटीवर हे नाव रोज हजारो प्रवासी वाचतात. ते सुमारे अठराशे वर्षे तसेच राहिले आहे, हे दगड वाचला नसता तर कळले नसते.

नंतरच्या काळातील लेखही आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी यांच्या काळात बंगालकडच्या गौड देशातून आलेला एक उपासक इथे दान देतो. अंबरनाथचे मंदिर बांधणारे शिलाहार ते हेच घराणे, फक्त दोन शतके आधीचे. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात इ.स. 1009 आणि 1021 मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. ती वाचली वेस्ट यांनी.

टाक्यावरचे अर्धे नाव

कान्हेरीतील सर्वांत चर्चेचा लेख कुठल्या भव्य दालनात नाही, तो पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळील पाण्याच्या टाक्यावर आहे. सातेरक नावाच्या अमात्याने हे टाके दिले. लेखात वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक वंशातली आणि एका महाक्षत्रपाची मुलगी. त्या महाक्षत्रपाचे नाव तुटले आहे. फक्त ‘रु’ एवढे अक्षर शिल्लक आहे.

आता जुनागढच्या त्या खडकाकडे पुन्हा जावे लागते. रुद्रदामन आपल्या लेखात सांगतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवले, पण नाते जवळचे असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. नाते कोणते, हे तो सांगत नाही. कान्हेरीच्या टाक्यावरचे ‘रु’ म्हणजे रुद्रदामन असे मानले, तर उत्तर मिळते. मुलगी सातवाहनांच्या घरी दिली होती. हरलेला सातकर्णी हा जावई होता की जावयाचा नातलग, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पण दोन घराण्यांच्या सोयरिकीचा धागा या टाक्यामुळेच हाती आला.

भगवानलाल यांच्या आयुष्याची दोन टोके या दोन दगडांवर आहेत. रुद्रदामनच्या लेखावर ते अक्षरे शिकले, त्याच लेखाच्या नकलेमुळे मुंबईला आले, आणि त्या लेखातील न सांगितलेले नाते मुंबईच्या जंगलातील टाक्यावर होते. रुद्रदामनच्या लेखाचे सुधारित वाचन त्यांनी ब्यूलर यांच्यासोबत 1878 मध्ये प्रसिद्ध केले होते.

सोपाऱ्यात 1882 मध्ये काय मिळाले?

एप्रिल 1882 मध्ये भगवानलाल यांनी नालासोपाऱ्याजवळील बुरुड राजाचा कोट नावाचा मातीचा उंचवटा उकरायला घेतला. गावकऱ्यांच्या समजुतीप्रमाणे तो एका बुरुड राजाचा किल्ला होता. आत निघाला विटांचा स्तूप. मध्यभागी दगडी पेटी आणि तिच्या आत एकात एक बसवलेल्या डब्या. तांब्याची, मग चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेने जपले गेले होते. भोवती आठ बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. कान्हेरीचे चैत्यगृह ज्याच्या काळात कोरले गेले, तोच हा राजा.

याच मोहिमेत अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना सोपाऱ्यात मिळाला. समुद्रकाठचे सोपारे हे अशोकाच्या काळापासूनचे बंदर होते, याचा तो पुरावा. कान्हेरीच्या लेखांत वारंवार येणाऱ्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचे गाव आता नकाशावर पक्के झाले. जंगलातील लेणी, खाडीकाठचे कल्याण आणि सोपारा, घाटातली नाणेघाटची वाट, हे सगळे एकाच व्यापाराचे भाग होते.

पदवी, मृत्युपत्र आणि लंडनला गेलेला सिंह

मान्यता आली, पण आधी बाहेरून. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाने 1884 मध्ये त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तेव्हापासून त्यांच्या नावामागे पंडित आणि डॉक्टर दोन्ही लागू लागले. ओडिशातील हाथीगुंफेच्या लेखात खारवेल राजाचे नाव त्यांनी वाचले, तेही याच काळात प्रसिद्ध झाले. पैशांची चणचण मात्र संपली नाही. संशोधन हा पोट भरण्याचा धंदा नव्हता. सरकारी पुरातत्त्व खात्यात इंग्रज अधिकारी पगारावर काम करीत आणि त्यांना माहिती पुरवणारे पंडित कामापुरते नेमले जात.

16 मार्च 1888 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे 48. मूलबाळ नव्हते. जमवलेली नाणी आणि शिलालेख त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला, तर हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिली. मथुरेच्या पायरीवरचा तो सिंह त्यामुळे लंडनला गेला आणि आजही तिथेच आहे. तो लुटून नेलेला नाही, एका भारतीय अभ्यासकाने स्वतःच्या इच्छेने दिलेला आहे, हे परदेशातील वारशाच्या वादात सहसा लक्षात घेतले जात नाही. अर्थात 1888 मध्ये इथे असा संग्रह सांभाळणाऱ्या किती संस्था होत्या, हाही प्रश्न आहेच.

त्यांचे अपुरे काम इतरांनी पूर्ण केले. पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरचा निबंध 1890 मध्ये लंडनमध्ये छापला गेला. गुजरातच्या प्राचीन इतिहासाची टिपणे ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने तयार केली आणि ती 1896 च्या गॅझेटिअरमध्ये आली. हेच जॅक्सन पुढे नाशिकचे कलेक्टर झाले आणि 1909 मध्ये अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले.

आज हे लेख पाहता येतात का?

येतात. कान्हेरी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहेत आणि भोवतालचे जंगल वन विभागाच्या. त्यामुळे उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे. सोमवारी उद्यान बंद असते. अंबरनाथ-बदलापूरकडून जाणाऱ्यांना दादरला गाडी बदलून बोरिवली गाठावे लागते. उद्यानाच्या दारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत.

मोठे चैत्यगृह सगळेच पाहतात. लेख शोधायचे असतील तर टाक्यांच्या वरचा कातळ आणि व्हरांड्यांच्या भिंती पाहाव्या लागतात. सकाळी किंवा दुपार उलटल्यावर ऊन तिरपे पडते, तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसतात. भर दुपारी ती सपाट होऊन जातात. पाचव्या लेण्याजवळचा लेख उघड्यावर आहे आणि दर पावसाळ्यात भिजतो. एकोणिसाव्या शतकात नकला काढल्या, तेव्हा वाचता आलेली काही अक्षरे आता शोधूनही सापडत नाहीत.

अंबरनाथचा लेख उत्तर दाराच्या तुळईवर, मान वर करून पाहावा लागतो. मंदिरात जाणारे बहुतेक जण त्याच्या खालून जातात.